दोन पेट्या

"पेटी सांगितलीस का?" मामाने फोनवर पहिलं हेच विचारलं.

"पेटी इथेच आहे की. कॉटखाली," मी म्हणाले.

पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग तो हळूच म्हणाला, "अगं, ती नाही. दुसरी."

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. पहाटेचे सव्वापाच. आजीला जाऊन तासही झाला नव्हता आणि माझ्या डोक्यात पेटी म्हटलं की अजून तिची बाजाचीच पेटी येत होती. पुढच्या चार महिन्यांत घरात या दोन्ही पेट्यांवरून इतके घोटाळे झाले की शेवटी आम्ही एकीला 'आजीची' आणि दुसरीला 'सुताराची' म्हणायला लागलो.

गेल्या काही दिवसांत ओळखीतल्या तिघीजणींनी मला विचारलं की घरातलं माणूस गेल्यावर कागदपत्रांचं तू नेमकं काय काय केलंस, आणि ती स्मरणसभेची पुस्तिका कशी काढलीस. प्रत्येकीला तासभर फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच क्रमाने लिहून ठेवते. आमचं घर नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. आमची मंडळी (म्हणजे चर्चची सभासद घरं) प्रोटेस्टंट, चर्च ऑफ नॉर्थ इंडियातली. तुमच्याकडे पद्धत थोडी वेगळी असेल, खर्चाचे आकडेही वेगळे असतील.

आजी घरीच गेली, झोपेत. घरी मृत्यू झाला की सगळ्यात आधी डॉक्टर. दवाखान्यात माणूस गेलं तर कागद तिथूनच निघतात. घरी गेलं तर ज्या डॉक्टरांचे उपचार चालू होते त्यांनी येऊन तपासून मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यायचा असतो, नमुना ४-अ. आमचे डॉक्टर साडेसहाला आले. त्यांनी पॅडवर नुसती चिठ्ठी लिहायला घेतली होती. मामाने फोनवरून सांगितलं की फॉर्मच हवा, म्हणून त्यांनी दवाखान्यातून मागवला. एक करा: डॉक्टर नाव लिहीत असताना आधार कार्ड त्यांच्यासमोर धरा. 'काय हो नाव आजींचं?' असं ते विचारतील आणि रडणारं घर सांगेल ते लिहितील. आमच्याकडे असं झालं नाही, कारण मावशी शिक्षिका आहे आणि तिने अक्षरन् अक्षर तपासलं.

पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना कळवलं, दफन दुसऱ्या दिवशी अकराला ठरलं. आजोबा २००६ साली गेले, त्याच कबरीत आजीला ठेवायचं होतं. त्यासाठी दफनभूमी कमिटीकडे अर्ज, जुनी पावती आणि घरच्या दोघांच्या सह्या लागल्या. जुनी पावती आजोबांच्या पेन्शनच्या फायलीत सापडली. ती नसती तर मंडळीच्या दफन नोंदवहीवरून काम झालं असतं, पण रात्री नऊला ती वही कोण काढणार? कबरीची फी दीड हजार, खोदाई आणि जुना ओटा फोडायचे साडेचार हजार, सुताराची पेटी साडेनऊ हजार. सुताराने उंची विचारली. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो, कारण ती आम्हाला कधीच बुटकी वाटली नव्हती. मावशीने टेप लावली. चार फूट दहा इंच.

पेटी बंद करण्याआधी एक वाद झाला. आजीची गाण्यांची एक वही होती, दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, पाठीला इलॅस्टोप्लास्टची पट्टी. मावशीचं म्हणणं, ही तिची आहे, तिच्याबरोबर जाऊ दे. मी नाही म्हटलं. का नाही, ते तेव्हा मला सांगता आलं नाही. आईने मधला मार्ग काढला: तिचं उपासना संगीताचं पुस्तक हातात दिलं, वही राहिली. मावशी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

दफनाच्या उपासनेआधी पाळकसाहेब म्हणाले, "आजींची ओळख दोन मिनिटांत कोणी सांगेल का?" ते आमच्याकडे बदलून येऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. आजी शेवटची तीन वर्षं घरातच, त्यामुळे त्यांनी तिला फक्त प्रभुभोजन द्यायला आले तेव्हा पाहिलेलं. मी उभी राहिले आणि जन्म, लग्न, नोकरी, तीन मुलं, पाच नातवंडं, आजार असं सांगून खाली बसले. मागच्या बाकावर गायनमंडळातल्या जुन्या बायका होत्या. त्यांच्यातली एक बाहेर पडताना म्हणाली, "बाळा, पेटीचं काहीच बोलली नाहीस." मला वाटलं ती सुताराच्या पेटीबद्दल बोलतेय. "चांगली आहे ना, सागाची नाही पण," असं काहीतरी मी म्हणून गेले. अजून आठवलं की कसंतरी होतं.

आता मृत्यूनोंद. एकवीस दिवसांच्या आत केली तर फी नाही. पुढे विलंब शुल्क, आणि महिना उलटला की परवानग्या. आम्ही सोमवारी, १७ फेब्रुवारीला गेलो. बरोबर ४-अ, आजीचं आणि आईचं आधार, दफनाची पावती. नमुना २ भरायचा असतो. त्यात खाली आकडेवारीसाठीचा भाग आहे, तो बहुतेक वेळा कारकूनच भरून टाकतात. आमच्या समोरच्या ताईंनी न विचारता व्यवसायाच्या जागी 'गृहिणी' लिहिलं. मी म्हटलं, निवृत्त शिक्षिका लिहा, छत्तीस वर्षं नोकरी केलीय. त्यांनी खोडून लिहिलं, वाईट वाटून न घेता. पुढचे प्रश्न होते: धूम्रपानाची सवय होती का, किती वर्षं? तंबाखू? सुपारी? दारू?

आई आणि मी एकमेकींकडे पाहिलं. आजी मिश्री लावायची. सकाळी, मोरीत, दार लोटून. रविवारच्या शाळेत मुलांना व्यसनांवर बोलणारी बाई, त्यामुळे हे घराबाहेर कोणालाही माहीत नव्हतं. आई खालच्या आवाजात म्हणाली, "नाही लिहा." मी म्हटलं, "हो लिहा. साठ वर्षं." सरकारदरबारी आजीबद्दलची सगळ्यात खासगी नोंद ही एवढीच आहे.

दाखला २८ फेब्रुवारीला मिळाला. आम्ही सहा प्रती घेतल्या, पाच वापरल्या गेल्या. हातात पडला की तिथेच खिडकीशी उभं राहून मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं वाचा. आमच्या दाखल्यात आजोबांच्या नावात एक वेलांटी चुकली होती, ती तिथल्या तिथे अर्ज देऊन चार दिवसांत दुरुस्त झाली.

खरा खोडा बँकेत लागला. आजीच्या दोन खात्यांपैकी पेन्शनच्या खात्यावर आई नॉमिनी होती. सोपं काम वाटलं. पण दुसरं खातं जुनं, तिच्या पहिल्या नोकरीच्या गावचं, आणि त्यावर तिचं माहेरचं आडनाव तसंच राहिलेलं. त्यात एक लाख बारा हजारांची मुदतठेव. बँकेतल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं की दाखल्यावरची बाई आणि पासबुकातली बाई एकच आहे हे दाखवा. विवाहाचा दाखला आणा, प्रतिज्ञापत्र करा.

प्रतिज्ञापत्राला पाचशेचा मुद्रांक. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी पाचशेचा लागतो. नोटरीचे तीनशे वेगळे. विवाहाच्या दाखल्याचं काय? लग्न १९५९ सालचं, आजीच्या माहेरच्या देवळात. (आमच्यात जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात, तसंच लिहिते.) ख्रिस्ती लग्न देवळाच्या नोंदवहीत लिहिलं जातं आणि तिचा प्रमाणित उतारा पुरावा म्हणून चालतो. माहेरची मंडळी आता दहाबारा घरांची, तिच्या जुन्या वह्या नगरला नेऊन ठेवल्यात असं कळलं. चार फोन केल्यावर २० मार्चची, गुरुवारची वेळ मिळाली.

पेन्शनबद्दल इथेच सांगते, नाहीतर विसरेन. मृत्यूच्या दिवसापर्यंतची पेन्शन देय असते, पुढची नाही. कोषागाराला लगेच लेखी कळवा आणि पोच घ्या. आम्ही कळवायला तीन आठवडे लावले, तोवर एक हप्ता जास्तीचा जमा झाला आणि नंतर बँकेने तो परत वळता केला. आजीचं एटीएम कार्ड आईच्या पर्समध्ये होतं, दफनाचा खर्च त्यातून काढू असं मामा म्हणत होता. काढू नका. आजी दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला जाताना पावडर लावून, चांगली साडी नेसून जायची. "जिवंत आहे हे दिसलं पाहिजे," म्हणायची. मृत्यूचा दाखला घेऊन त्याच काउंटरला जाताना आईला रडू आलं. घरी ती रडली नव्हती.

तर २० मार्च. लोखंडी कपाट, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि टेबलावर लांबट वह्या. बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, दफन. मला फक्त १९५९ हवं होतं. वही सांभाळणारे गृहस्थ सत्तरीचे, म्हणाले, "घाई नसेल तर बघा निवांत. एवढ्या लांबून आलात."

विवाहाची नोंद अर्ध्या तासात सापडली. वधूचं वय वीस, व्यवसाय 'शिक्षिका', खाली तिची सही, शाईचा डाग पडलेली. वय बघून मी थबकले. आधारवर जन्मतारीख १ जून १९३८, म्हणजे लग्नात ती एकवीस वर्षांची हवी. १ जून ही आपल्याकडच्या त्या पिढीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख, शाळेत घालताना मास्तरांनी दिलेली. त्याच तारखेने ती ३१ मे १९९६ ला अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली. पण ती स्वतः नेहमी सांगायची की मी झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या) जन्मले, आई देवळात जाऊ शकली नाही म्हणून रडत होती. आम्ही याला आजीची गोष्ट म्हणायचो. मी बाप्तिस्म्याची वही मागितली. १९३८ मध्ये काही नाही. १९३९ मध्ये होतं: जन्म २ एप्रिल, बाप्तिस्मा ७ मे. मोबाइलवर त्या वर्षीचा ईस्टर पाहिला. ९ एप्रिल. त्याच्या आधीचा रविवार, २ एप्रिल.

तिथेच बसून मी आईला फोन लावला. आई म्हणाली, "ती सांगत होतीच की."

नंतर माझं काम संपलं होतं तरी मी उठले नाही. विवाहाच्या वहीत पुढची पानं उलटत गेले तर साक्षीदाराच्या जागी आजीची सही. एकदा नाही, १९५९ ते १९६७ च्या दरम्यान अकरा वेळा. गृहस्थांना विचारलं, नात्यातली लग्नं का ही? ते हसले. "पेटी वाजवायला आलेली असणार. नवरीकडचा साक्षीदार आला नाही की पेटीवालीला उठवायचे." पाळकांची नावं प्रत्येक पानावर आहेत, ठशीव अक्षरात. पेटीवालीचं नाव कुठल्याही रकान्यात नाही, अशी कोणाची तरी जागा भरायला उठली तेवढंच.

उतारा आठवड्याने मिळाला, फी दोनशे रुपये. बँकेत ७ एप्रिलला दावा दिला. पूर्ण कागद मिळाल्यापासून पंधरा दिवसांत निकाली काढायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हे नम्रपणे बोलून दाखवलं तर उपयोग होतो. पोच घ्या, तारखेसकट. आम्हाला चौदाव्या दिवशी पैसे मिळाले, मधे गुड फ्रायडे येऊनही.

दफनाच्या वेळच्या त्या दोन मिनिटांची लाज मनात होतीच. स्मरणसभा चाळिसाव्या दिवशी घ्यावी असं मामाचं मत होतं. पण तो दिवस लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या साध्या, उपासाच्या दिवसांत) येत होता, आणि आम्हाला तर पेटी, तबला, टाळ, सगळं हवं होतं. पाळकसाहेबांनीच सुचवलं, ईस्टरनंतर घ्या. शनिवार, २६ एप्रिल, संध्याकाळी पाच. मला पाच आठवडे मिळाले.

वही उघडली. मला वाटलं होतं गाणी उतरवून ठेवलेली असतील. गाणी होतीच, निम्मी तरी रेव्हरंड ना. वा. टिळकांची, अभंग आणि ओव्या. प्रत्येकाच्या डोक्यावर 'चाल' लिहिलेली आणि खाली सा रे ग म. पण समासात पेन्सिलीने ती स्वतःशी बोलत होती. 'हळू. म्हातारे मागे राहतात.' 'तिसरं कडवं गाळायचं, लांबतं.' 'नाताळ ८७, लाइट गेली, कंदिलावर. चांगलं झालं.' 'इथे पाळक वर जातात, धरून ठेवायचं.' एका अंत्यविधीच्या गीतावर नुसत्या तारखा, एकाखाली एक, चौतीस. शेवटची आजोबांची. त्यापुढे तिने त्या गीतावर तारीख लिहिली नाही.

मग फोन. गायनमंडळातल्या चार बायका, शाळेतले तीन जुने विद्यार्थी, आजीची हॉस्टेलची मैत्रीण, वय अठ्ठ्याऐंशी. अनुभवाने सांगते: 'आजींबद्दल सांगा' म्हटलं की सगळे 'फार प्रेमळ होत्या, प्रार्थनाशील होत्या' म्हणतात आणि थांबतात. 'त्या कशावरून चिडायच्या?' असं विचारा. मग माणूस बोलायला लागतं. आजी चिडायची ती टाळ्या लवकर सुरू करणाऱ्यांवर, आणि पोरांनी इलेक्ट्रिक कीबोर्ड आणला तेव्हा एक महिना. एका महिन्यानंतर तिने त्यातल्या एका पोराला घरी बोलावून डाव्या हाताने काय करायचं ते शिकवलं. हॉस्टेलच्या मैत्रिणीने सांगितलं की पेटी शिकवली ती मडमसाहेबांनी, डो रे मी करून, आणि आजी रात्री कंदिलापाशी ते सगळं सा रे ग म मध्ये उतरवायची, कारण 'डो म्हटलं की मला हसू येतं.' फोन रेकॉर्ड करताना आधी विचारा. नाही म्हटल्या तर वहीत लिहा. दोघी नाही म्हणाल्या आणि त्यांनीच जास्त सांगितलं.

आजीची पेटी मी ८ मार्चलाच पुण्याला दुरुस्तीला टाकली होती. तीन वर्षं कॉटखाली, उंदरांनी भाता कुरतडलेला, दोन खटके अडकलेले. कारागीर पंधरा दिवस म्हणाले आणि जवळजवळ महिना लावला, ६ एप्रिलला दिली. भाता नवा, चामडं नवं, सूर लावणं, सगळे मिळून सहा हजार आठशे. त्यांनी पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "काळी चारमधून गायच्या का बाई?" (म्हणजे चौथी काळी पट्टी 'सा' धरून.) मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? त्यांनी पट्ट्या तिरक्या धरून उजेडात दाखवल्या. काही पट्ट्या बोटांखाली खोलगट झाल्या होत्या, बाकीच्या जवळजवळ नव्या. मी त्यांना म्हटलं, त्या पट्ट्या बदलू नका.

पुस्तिकेचं थोडक्यात. सोळा पानं, तीनशे प्रती, साडेसात हजार. वहीतली सात गाणी, समासातल्या नोंदींसकट. टिळक १९१९ साली गेले, त्यामुळे त्यांच्या गीतांच्या हक्कांचा प्रश्न नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी तो संपतो. एक गीत अलीकडचं होतं, त्याच्या कवीच्या मुलाला फोन करून परवानगी घेतली, लेखी. प्रूफ तीन जणांनी वाचलं तरी मुखपृष्ठावर 'स्मरणार्थ'चं 'स्मणार्थ' झालं आणि ते छापल्यावर दिसलं. तीनशे प्रतींवर मामा आणि मी रात्री बसून पेनने 'र' घातला. मिश्रीची गोष्ट जीवनपटात घालू दिली नाही आईने. तेवढं मी ऐकलं.

जीवनपट सहा मिनिटांचा असावा असं पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, मी साडेसात घेतली. जन्मतारीख २ एप्रिल १९३९ वाचली तेव्हा मावशीने मान वर केली. मग गीतं. पेटीवर तो कीबोर्डवाला पोरगा, आता चाळिशीचा, स्वतःहून आला होता. दुसऱ्याच कडव्याला मागचे बाक अर्धी मात्रा मागे पडले. त्याने लय सोडली नाही, भात्यावरचा हात सैल केला आणि थांबल्यासारखा झाला. सगळे आले. मी पुस्तिका उघडून पाहिलं, त्या गीताच्या समासात तेच होतं.

पेटी आता देवळात आहे. देताना मंडळीकडून लेखी पोच घेतली आणि त्यात लिहून घेतलं की विकायची झाल्यास आधी घरच्यांना विचारावं. कोणाला हे कोतं वाटेल. आजीला नसतं वाटलं. वही माझ्याकडे, तिचे फोटो काढून मावशीला पाठवले. मावशीने उत्तर म्हणून त्यातलं एक गीत म्हणून पाठवलं, काळी चारमध्ये.

राहिला दगड. कडप्प्यावर अक्षरं कोरायचा दर अक्षरी असतो, आमच्याकडे बारा रुपये, आणि जोडाक्षराला कारागीर दोन धरतात. आमच्यासारख्यांची नावं आणि वचनं जोडाक्षरांनी भरलेली, त्यामुळे हिशेब चढत जातो. आजोबांच्या दगडावर पूर्ण वचन आहे. आजीसाठी कुठलं, यावर तीन रविवार गेले. मामाला स्तोत्र हवं होतं, मावशीला टिळकांची ओळ. शेवटी आईने कागद ओढून घेतला आणि लिहिलं: नाव, दोन तारखा, आणि खाली फक्त गीताचा नंबर. त्याच गीताचा, ज्यावर आजोबांनंतर तारीख पडली नव्हती.

१४ जूनला दगड बसवायला गेलो. कारागिराने फडक्याने पुसता पुसता त्या तीन आकड्यांकडे बोट दाखवलं. "हा काय, प्लॉट नंबर का?"

"हो," आई म्हणाली. "तसंच समजा."